सात नंबरचा ट्रे

नवरात्राचे नऊ दिवस कुमुदताई गुरव पायात काही घालत नसत. मिरजेच्या मातृदुग्धपेढीत नोकरी लागली तेव्हा मात्र पंचाईत झाली. पेढीचं थंडघर उणे वीस अंशांवर. तिथं अनवाणी जायचं म्हणजे तळवे लादीला चिकटवून घ्यायचे. पहिल्या वर्षी त्यांनी देवीपुढे बसून विचारलं, आणि देवी काही बोलेना तेव्हा स्वतःच निकाल लावला, की थंडघरातले लोकरी बूट म्हणजे पादत्राण नव्हे, ते अवजार. लोहाराला सांडशी तसे आपल्याला बूट. आत जाताना घालायचे, बाहेर आलं की काढायचे. तेव्हापासून सात वर्षं नेमात खंड नव्हता.

आणि अवजार म्हटलं की खंडेनवमी आलीच. त्या सकाळी कुमुदताईंनी थंडघराच्या दाराच्या कडीला झेंडूची माळ घातली, तापमापकाला हळदकुंकू वाहिलं, जनरेटरला वाहिलं. बूटजोडीलाही एकेक बोट लावलं, कारण निकाल स्वतःच दिलेला होता. मग आत जाऊन त्या सात नंबरच्या ट्रेपुढे उभ्या राहिल्या.

ट्रेमध्ये दुधाच्या बारा बाटल्या होत्या. ज्या आयांना आपलं बाळ पिऊन उरेल इतकं दूध येतं त्या ते पेढीला देतात. पेढी ते तापवून निर्जंतुक करते, गोठवते आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी जिल्हाभर पाठवते. बाटलीवर आईचं नाव नसतं, फक्त आकडा. कुणाचं दूध कुणाला गेलं हे कुणालाच कळू नये असा नियम, आणि चांगला नियम. पण सात नंबरच्या ट्रेवरचा आकडा कुमुदताईंनी घरच्या फ्रिजमध्ये पाहिला होता. डोळ्यांनी वाचलेलं पुसता येत नाही. ते दूध त्यांच्या सुनेचं होतं.

पूर्वाचं बाळ सातव्या महिन्यात झालं. अकरा दिवस काचेच्या पेटीत राहिलं आणि बाराव्या दिवशी, बारसं व्हायच्या दिवशी, गेलं. दूध मात्र येतच राहिलं. पूर्वा पेढीला दूध देऊ लागली तेव्हा कुमुदताई म्हणाल्या होत्या, "मोठं पुण्याचं काम करतेस बाळा."

"पुण्याबिण्यासाठी नाही आई," पूर्वा म्हणाली होती. "येतंय म्हणून देतेय."

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तिचं दूध हळूहळू थांबवलं होतं. हा ट्रे शेवटचा.

कुमुदताईंनी पुढच्या रांगेतल्या चार बाटल्यांना कुंकवाचं बोट लावलं. कोरडं कुंकू गार प्लास्टिकवर बसेना, म्हणून बाहेर येऊन बोट ओलं करून पुन्हा लावलं. पाच मिनिटांनी फडक्यानं पुसून घेतलं. थंडघरात बाहेरचं काही न्यायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण पुसलं की झालं, असं त्यांना वाटलं.

ज्यावर बोट टेकलं, ती होती स्मरणपट्टी.

पट्टी येऊन चार वर्षं झाली होती. पूर्वी वाहतुकीच्या पेटीत तापमापक असायचा. तो पेटीतल्या हवेचं तापमान सांगायचा, बाटलीचं नव्हे. आणि एखादा हुशार गडी त्याच्या शेजारी बर्फाची पिशवी ठेवून मोकळा व्हायचा. तेव्हा शास्त्रज्ञांनी ठरवलं, की प्रत्येक बाटलीला तिची स्वतःची आठवण द्यायची. बोटाच्या पेराएवढी ही पट्टी. तिच्यात जेलीसारखा एक थर, थरात एक विकर, म्हणजे एन्झाइम, आणि त्याचं खाद्य. थंडीत विकर झोपलेलं असतं. उबेत आलं की जागं होऊन खाऊ लागतं आणि कणाकणानं चुन्यासारखा क्षार सोडतं. त्याच थरात हळदीतला पिवळा रंग मिसळलेला. क्षार लागला की तो लाल होतो. जितका वेळ ऊब, तितकी लाली, आणि पुन्हा कितीही गार केलं तरी लाल झालेलं पिवळं होत नाही.

प्रशिक्षणात हे ऐकून कुमुदताई हळूच म्हणाल्या होत्या, "म्हणजे कुंकूच की. हळदीला चुना नि टाकणखार. आमच्याकडे अजून घरी करतात." सगळे हसले होते. शिकवणारी मुलगीही हसली, आणि म्हणाली, "अगदी तेच, काकू."

दाराशी, गाडीत, रुग्णालयाच्या फाटकात कॅमेरे असत. ते पट्टीचा रंग वाचत आणि संगणकाला कळवत. संगणकाचं नाव होतं 'साक्षी'. बाटली किती मिनिटं उबेत होती आणि तेव्हा ती कुणाच्या ताब्यात होती, हे साक्षी सांगे. राज्यातलं कुठलंही थंड दार तळहात टेकवूनच उघडायचं, मग आत दूध असो, लस असो की मासळी. तीन लाल नोंदी झाल्या की तो हात बंद. मग त्या माणसाला आइस्क्रीमच्या गाडीचंही दार उघडत नसे.

साक्षी आल्यापासून वाया जाणारं दूध, रक्त, लशी निम्म्यावर आल्या हे खरं होतं. कितीतरी बाळं त्यामुळे घरी गेली. पण गाडीवाले आता कुणाच्या दारात चहाला थांबत नसत, आणि कुणाच्या हातून ट्रे घेताना आधी पट्टी बघत, मग माणसाचं तोंड.

फक्त तौफिक मुजावर अजून आधी तोंड बघायचा.

दसऱ्याच्या सकाळी सात वाजता तो जतचा माल न्यायला आला. सात नंबरचा ट्रे चार अंशांच्या पेटीत ठेवला. जतला पोचेपर्यंत दूध हळूहळू सुटायचं होतं. तिथं अकराशे ग्रॅमचं एक बाळ होतं.

"ताई, आज तरी चप्पल घाला की," तो म्हणाला. "नऊ दिवस झाले."

"सोनं वाटून झालं की घालीन. तू येतोयस ना संध्याकाळी?"

"न येऊन सांगतो कुणाला? दर वर्षी पहिलं सोनं तुम्हालाच." त्यानं दारावर हात टेकवला, कॅमेऱ्याकडे बघून मान लववली. "सलाम, साक्षीबाई. माझी सासू आणि ही, दोघी सारख्याच. बघतात सगळं आणि सांगतात भलतीकडेच."

त्याच्या नावावर दोन लाल नोंदी होत्या. एक पुराच्या वर्षी, पुलावर चार तास अडकला तेव्हाची. दुसरी पेटीचं रबर फाटलं होतं म्हणून. तो हसत असला तरी पेटी लावताना ओठांत बिस्मिल्ला म्हणे, आणि त्याच वेळी कुमुदताई मनात देवीचा श्लोक म्हणत. दोघांनी एकमेकांना हे कधी सांगितलं नव्हतं. दोघांना माहीत मात्र होतं.

दुपारी बाराला तो परत आला तो ट्रे घेऊनच.

पेढीच्या प्रमुख डॉ. शर्वरी पाटणकर टेबलाशी उभ्या होत्या. ट्रे पारदर्शक पेटीत मोहोरबंद होता. जतच्या फाटकात कॅमेऱ्यानं चार पट्ट्या लाल वाचल्या होत्या, आणि चार लाल म्हणजे सगळा ट्रे रद्द.

"बाळाचं काय?" कुमुदताईंनी आधी तेच विचारलं.

"दुसरा ट्रे लगेच पाठवला. दोन तास उशीर झाला, पण मिळालं त्याला." डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. "तौफिक, कवठेमहांकाळला तू नऊ मिनिटं थांबला होतास."

"पालखी आडवी आली होती, मॅडम. दसरा आहे. गाडी उभी, पण दाराला बोट लावलं नाही मी. पेटीतला काटा बघा ना, सगळा वेळ चारवर आहे."

"पेटीतला काटा हवेचं सांगतो. पट्टी बाटलीचं सांगते. म्हणून तर पट्टी आणली." डॉक्टरांचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "साक्षीनं तिसरी नोंद लावलीय. उद्या दहाला चौकशी होईल, मग मी सही करायची. तोवर तुझा हात थांबवलाय."

तौफिक कुमुदताईंकडे वळला. "ताई, तुम्ही तरी सांगा. सात वर्षं बघताय मला."

कुमुदताई पट्ट्यांकडे बघत होत्या. आयुष्यभर ज्या बाईनं हळदीचं कुंकू होताना पाहिलंय, तिच्या नजरेला दुसऱ्यानं दाखवायची गरज नव्हती. उबेनं लाल झालेली पट्टी सगळीकडून सारखी लाल होते, संध्याकाळचं आभाळ होतं तशी. या चार पट्ट्या एकेका ठिकाणाहून लाल झाल्या होत्या. वरच्या बाजूला बोटाएवढा गडद ठिपका, तिथून खाली फिकट होत गेलेला रंग. पट्टीवरचा पापुद्रा इतका पातळ, की त्याला ऊब कळावी. मग कुंकवातला क्षारही आत जाणारच. थंडघरात ओलावा गोठून होता म्हणून काल काही झालं नाही. चार अंशांवर तो वितळला आणि आत उतरला. कॅमेरा सगळ्या पट्टीचा मिळून एक रंग काढतो. ठिपका कुठं आहे हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

सगळं एका क्षणात कळलं. थंडघरात कुंकू नेलं, हा एक गुन्हा. कुणाचं दूध हे ठाऊक असून नेलं, हा दुसरा.

"उद्या... उद्या बघू," त्या म्हणाल्या.

तौफिकनं मान हलवली. हसला नाही. दाराशी जाऊन सवयीनं तळहात टेकवला. दार उघडलं नाही. डॉक्टरांनाच पुढं यावं लागलं.

संध्याकाळी कुमुदताईंनी दारात रांगोळी काढली, तबकात आपट्याची पानं ठेवली. गल्लीतली माणसं सोनं देऊन गेली. मुलाचा, संकेतचा, धुळ्याच्या पवनचक्क्यांवरून फोन येऊन गेला. तौफिक आला नाही.

त्यांचा आणखी एक नेम होता. दिवेलागणीला देवापुढे बसून दिवसात झालेली एक चूक सांगायची. कधी दूध उतू गेलेलं असे, कधी कुणाला फटकन बोललेलं. आज निरांजन लावलं आणि शब्द येईना. देव ऐकलेलं कुणाला सांगत नाही, म्हणून तर त्याला सांगणं सोपं. ही चूक इथं सांगून फिटणारी नव्हती.

पूर्वा खोलीतून आली. हातात मोबाइल.

"आई, पेढीचा निरोप आलाय. 'तुमचं दूध वापरता आलं नाही. कारण, वाहतुकीत उष्णता.'" तिनं ते बातमी वाचावी तसं वाचलं. "शेवटचं होतं ते. कुणीतरी दार उघडं टाकलं असणार. कुणाला काय त्याचं."

"दार कुणी उघडं टाकलं नाही."

"मग?"

कुमुदताईंनी निरांजनाकडे बघत सगळं सांगितलं. फ्रिजमधला आकडा, ओलं बोट, फडकं, चार ठिपके.

पूर्वानं मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाली, "का लावलंत? मी कधी म्हटलं होतं?"

"नव्हतं म्हटलंस." कुमुदताईंचा आवाज एवढासा झाला. "तो काचेच्या पेटीत होता ना, तेव्हा मी दोनदा कुंकवाची डबी घेऊन आले होते. एक बोट तरी कपाळाला लावावं म्हणून. नर्स म्हणाली, जंतू जातील. बरोबरच होतं तिचं. डबी तशीच परत आणली. ते राहून गेलं माझ्या मनात. काल वाटलं, हे दूध जातंय तर त्याच्या नावानं..."

"त्याला नाव नव्हतं," पूर्वा म्हणाली. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही. पण लावलं.

दुसऱ्या दिवशी दहाला कुमुदताई कुंकवाची डबी पदराखाली धरून पेढीत गेल्या. तौफिक कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसला होता, जणू ते हात कुणीतरी त्याच्याकडे ठेवायला दिले होते.

"डॉक्टर, तौफिकची चूक नाही. माझी आहे," त्या म्हणाल्या आणि डबी टेबलावर ठेवली.

ऐकून झाल्यावर डॉ. पाटणकरांनी डबी उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "कुमुदताई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण साक्षीचा माझ्या विश्वासावर विश्वास नाही. करून बघू."

दोन कोऱ्या पट्ट्या आणल्या. एकीला कुमुदताईंनी ओल्या बोटानं कुंकू लावलं, पुसलं. दोन्ही गोठवल्या. तासाभरानं काढून चार अंशांच्या कपाटात ठेवल्या. मग तिघं काचेतून बघत बसली. पहिली वीस मिनिटं काही नाही. पंचविसाव्या मिनिटाला वरच्या कडेला तांबूस डाग उमलला. पाऊण तासात पट्टी जतहून आलेल्या चौघींची बहीण शोभेल अशी झाली. दुसरी पिवळीधमक होती.

"बाजारचं कुंकू असतं तर काही झालं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "तो नुसता रंग असतो. तुमचं अस्सल निघालं."

त्या पडद्याकडे वळल्या. साक्षीकडे कारणांची यादी होती. दार उघडं, वीज गेली, उशीर, सदोष पट्टी, इतर. डॉक्टरांनी 'इतर' निवडलं. साक्षीनं विचारलं, इतर म्हणजे काय? डॉक्टरांनी लिहिलं, हळदकुंकू. साक्षी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ गप्प राहिली. मग पडद्यावर उमटलं, नोंद घेतली.

तौफिकच्या नावावरची तिसरी लाल ओळ गेली. तिच्या जागी दुसऱ्या नावावर एक आली.

"थंडघरात बाहेरचं नेलंत, त्यापायी तुमचा हात मला सहा महिने बंद करावा लागेल, ताई."

"करा."

"आणि दूध..." डॉक्टरांनी ट्रेकडे पाहिलं. "बहुतेक चांगलंच असेल ते. पण बहुतेक म्हणून मी अकराशे ग्रॅमच्या बाळाला देणार नाही."

"देऊ नका," कुमुदताई म्हणाल्या. "मन साशंक असेल तर मी नैवेद्यसुद्धा दाखवत नाही."

तौफिक उठला. दाराशी जाऊन त्यानं तळहात टेकवला. दार उघडलं. जाता जाता तो वळला. "काल का नाही बोललात, ताई? एक रात्र काढली मी. बायकोला सांगितलं, आता दुसरं काहीतरी बघावं लागेल."

"भ्याले," कुमुदताई म्हणाल्या.

तो गाडीकडे गेला.

ट्रे ओतायला न्यायचा एवढ्यात फाटकातून पूर्वा आत आली. रात्रभर झोप नसल्यासारखी दिसत होती. कुमुदताईंकडे न बघता डॉक्टरांना म्हणाली, "माझं दूध रद्द झालंय ना? ते गटारात ओतू नका. मी ओतते."

डॉक्टरांनी जरा विचार केला. "नष्ट करायचं असा नियम आहे. कुठं ओतायचं हे नियमात नाही."

पेढीच्या मागं शेवग्याचं झाड होतं. दूध द्यायला येणाऱ्या बायांना त्याच झाडाच्या पाल्याची भाजी खाऊ घालत. पाल्यानं दूध वाढतं म्हणून. दोघी तिथं गेल्या. पूर्वानं एकेक बाटली उघडून बुंध्याशी ओतली. मातीनं पांढरं पिऊन घेतलं. कुमुदताई दोन पावलं मागं उभ्या होत्या. पायात अजूनही काही नव्हतं. मदतीला हात पुढं करायचा धीर झाला नाही.

आठ बाटल्या झाल्या. उरलेल्या चार लाल पट्टीच्या. पूर्वानं पहिली उचलली आणि अंगठा त्या ठिपक्यावर ठेवला. ठिपका बरोबर बोटाएवढा होता.

"परत पिवळी होत नाही ना ही?"

"नाही. कधीच नाही."

तिनं नखानं पट्टी सोडवली आणि मुठीत धरली. उरलेल्या तिघींचं दूध ओतलं, मग त्या पहिलीचं. सगळं ओतून झाल्यावर, पाठमोरीच, ती म्हणाली, "त्याला कुणीच काही लावलं नव्हतं, आई. ना हळद, ना काजळ. फक्त सुया." तिनं मूठ उघडून पट्टीकडे पाहिलं. "एवढं एकच लागलं."

मग ती वळली आणि कुमुदताईंच्या खांद्यावर कपाळ टेकलं. कुमुदताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

कुमुदताईंना आता थंडघरात जाता येत नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना दूध द्यायला येणाऱ्या बायांजवळ बसवलं. कुणी नुसतीच रडे, कुणी विचारी, माझं चांगलं आहे ना हो? त्यांचं ऐकून घ्यायचं काम. थंडघराच्या दाराबाहेर एक लहान फळी लागली, फळीवर एक रिकामा ट्रे, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात सूचना होती, पूजा इथे करावी.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी दार वाजलं. पूर्वानं उघडलं. तौफिक होता. हातात स्टीलचा डबा, बाहेरून दव धरलेला.

"ताई आहेत?"

कुमुदताई बाहेर आल्या. तौफिक जरा घुटमळला. मग त्यानं डब्याचं झाकण काढलं. आत ओल्या फडक्यात आपट्याची पानं होती, हिरवीगार.

"रागावलो होतो," तो म्हणाला. "म्हणून त्या दिवशी दिलं नाही. पण पहिलं सोनं दुसऱ्या कुणाला देववेना, तेव्हा तसंच ठेवलं." त्यानं एक पान उचलून त्यांच्या हातावर ठेवलं. पान गार होतं. "शिळं नाही, ताई. चार अंशांवर होतं. दार एकदाही उघडलं नाही. हवं तर साक्षीबाईला विचारा."

कुमुदताईंनी पान कपाळाला लावलं. मग आत वळून म्हणाल्या, "पूर्वा, चहा टाक गं. आज हा थांबणार आहे."

आणि कोनाड्यातली चप्पल काढून पायात घातली.